दुपारची इटालियन

ऑगस्ट लागला की माहूजच्या आमच्या घराच्या काचांना बाहेरून घाम फुटतो. आत एसी, बाहेर समुद्राची वाफ, मधे बिचारी काच. गॅलरीत पाऊल टाकलं की चष्मा आंधळा होतो, आणि पदराने पुसावा तर पदरही ओला. बहारीनला नवी आले तेव्हा मी तोऱ्यात म्हटलं होतं, रत्नागिरीच्या हवेत वाढलेली बाई मी, मला कसला दमटपणा सांगता. पंधरा दिवसांत तोरा उतरला. तिकडे निदान वाफेच्या शेवटी पाऊस येतो. इथे नुसतीच वाफ. मीठ पाझरतं, पापड माना टाकतात, कपडे दोरीवर आंबतात आणि चांगली शहाणीसुरती माणसं लिफ्टमध्ये एकमेकांवर खेकसतात.

इटालियनमध्ये या हवेला शब्द आहे. तेंपाच्चो. 'तेंपो' म्हणजे हवा, आणि 'तेंपो' म्हणजेच वेळ. त्याच्या शेपटीला 'आच्चो' बांधलं की ती हवा घाणेरडी होते. कुठल्याही नामाला अशी शेपटी लावता येते. वाईटाची लावा, लाडाची लावा, मोठी करा, चिमुकली करा. आपण नाही का, लाडात असलो की पोरगं म्हणतो, कंटाळलो की पोरटं, आणि टाळकं फिरलं की कार्टं. त्या भाषेतली मला पहिल्यांदा आवडलेली गोष्ट ती हीच. शिवी वेगळी शोधावी लागत नाही, जवळ असलेल्या शब्दालाच चिकटवायची.

साठी ओलांडलेली रत्नागिरीची बाई इटालियन कुठून शिकली, असं इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी विचारतंच. नवऱ्यामुळे, मी सांगते. मग पुण्यामुंबईकडच्या बायका माना तिरक्या करून 'अय्या, किती रोमँटिक' म्हणतात. जळ्ळं मेलं रोमँटिक. मी ती भाषा शिकले ती नवऱ्याला रंगेहाथ पकडायला.

त्या वर्षी जुलै सरता सरता हे दाढी करताना पडले. अर्ध्या गालावर फेस तसाच. मग अँब्युलन्स, हॉस्पिटल, आमचा अभय बँकेतून धावत आलेला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. आता यांची वाचा गेली म्हणजे काय गेलं, याचाही मी तेव्हा खुर्चीत बसून हिशेब केला. मुळात होतीच किती? 'हं.' 'चहा.' 'बघू.' 'मीठ कमी आहे.' एवढ्या भांडवलावर या माणसाने संसार केला, एक मुलगा वाढवला आणि इथल्या गोदीत जहाजं दुरुस्त करत केस पांढरे केले. उरलेलं सगळं बोलणं माझ्याकडे होतं. दोघांचं मी एकटीने बोलत आले, आणि लोक मलाच तोंडाळ म्हणत आले.

आठवडाभराने जीभ हलली. मी कॉटच्या उशाशी, अभय पायथ्याशी, फिलिपिनो नर्स सलाईन बघत उभी. यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि तोंड वाकडं असूनही स्वच्छ म्हणाले, "सिन्योरा, पेर फावोरे, उन पो दाक्वा."

नर्सला वाटलं, आली यांची मराठी. ती कौतुकाने माझ्याकडे बघायला लागली, की आता बायको अर्थ सांगेल. बायको भिंतीसारखी उभी. अभयने मोबाइल काढला, ते शब्द त्यात म्हटले, आणि मोबाइल म्हणाला की बाईसाहेब, कृपा करून थोडं पाणी. मी पाणी पाजलं. हे म्हणाले, "ग्रात्सिए." लग्न झाल्यापासून या हाताने किती तांबे, किती पेले पुढे केले असतील. पहिलं धन्यवाद मिळालं ते असं, परक्या भाषेत, परक्या बाईच्या नावाने.

डॉक्टर मिसरी होते, इजिप्तचे, शांत. म्हणाले, असं होतं कधी कधी. माणसाला चार भाषा येत असल्या की घाव बसल्यावर कुठली जाईल आणि कुठली आधी परत येईल, सांगता येत नाही. काळाचंही तसंच, ते आत्ता कुठल्यातरी जुन्या वर्षात राहत असतील. जुनं वर्ष म्हणजे कुठलं, ते मला लगेच कळलं. लग्नानंतर पाच-सहा वर्षं हे जेनोवाच्या गोदीत फिटर होते. मी तेव्हा गावी, सासूच्या हाताखाली. वर्षातून एकदा यायचे, महिनाभर राहायचे, जायचे. कशी आहे हो इटली, असं विचारलं तर म्हणायचे, 'थंडी असते.' इतक्या वर्षांत इटलीबद्दल तिसरा शब्द यांच्या तोंडून निघाला नव्हता.

आणि आता निघायला लागले. घरी आणल्यावर तर बांध फुटला. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बडबड. हसणं काय, डावा हात हलवणं काय, मधेच डोळे मिटून एखादा शब्द चघळणं काय. आणि दर वाक्यात सिन्योरा. मराठी बोललं की मात्र भिंतीकडे तोंड. मी 'अहो' म्हटलं की कपाळाला आठी. अभयचा मोबाइल दोन दिवसांत थकला. यांची जीभ जड, आणि बोली गोदीतली, त्याला काही उमगेना. मला एकच जाणून घ्यायचं होतं. ही सिन्योरा कोण? मी इकडे चुलीपुढे डोळे फोडत असताना तिकडे कोणाच्या हातचं पाणी पिऊन हे ग्रात्सिए म्हणत होते?

आमच्या खालच्या मजल्यावर राजापूरच्या हमीदाभाभी राहतात. त्यांच्या नवऱ्याचं मनामाच्या बाजारात कापडाचं दुकान आहे. त्यांनीच गिऱ्हाइकांतली एक इटालियन बाई शोधून दिली. आणि देताना मला समजावलंही, की भाभी, आजारी माणसाच्या तोंडचं धरू नये, इन्शाल्ला बरे होतील. मी म्हटलं, बरे होतीलच, पण बरे व्हायच्या आधी मला कळलं पाहिजे.

तर ही लुचिया. जुफैरला उंच इमारतीत राहायची, नेपल्सकडची, नवरा कंत्राटदारीच्या कामावर. जाड भिंगं, जाड दंड, आणि जिभेला हाड नाही. तिचं इंग्लिश लंगडं, माझं पांगळं, त्यामुळे पहिल्याच दिवशी जमलं. का शिकायचंय, तिने विचारलं. मी सांगितलं, नवरा पडलाय आणि कुठल्यातरी बाईला हाका मारतोय. लुचियाने पुस्तक मिटलं, कॉफी ठेवली आणि म्हणाली, मग आधी क्रियापदं घेऊ, म्हणजे त्याने काय केलं ते कळेल. विशेषणं नंतर.

काही बाबतींत ती भाषा गरीब गाय आहे. जसं लिहायचं तसंच म्हणायचं, आपल्यासारखं. ट नाही, ठ नाही, ड नाही. बटाट्याचा पताता होतो, सगळं कसं मऊ. आणि शब्द जवळपास सगळे स्वरावर संपतात. हे मला पहिल्यांदा लुचियाच्या स्वयंपाकघरात जाणवलं. आपल्याकडे घर म्हणा, दार म्हणा, भात, मीठ, दूध म्हणा, शब्द म्हणून झाला की तोंड मिटतं, कडी लागते. तिकडे कासा, पोर्ता, रीझो, साले, लात्ते. तोंड उघडंच राहतं. जन्मभर 'हं' म्हणून ओठ मिटणाऱ्या माणसाला या भाषेत ओठ मिटायची सोयच नव्हती. मी ते लुचियाला सांगितलं तर ती म्हणाली, इटलीतही न बोलणारे नवरे आहेत, भाषेला उगाच श्रेय देऊ नकोस.

जोडाक्षरांवर रेंगाळायचं असतं. 'नोनो' म्हणजे नववा, 'नोन्नो' म्हणजे आजोबा. घाई केली तर आजोबांचा नववा होतो. लुचियाच्या बाकीच्या विद्यार्थिनी, बहुतेक इंग्रज बायका, तिथे अडखळायच्या. मी नाही. यांना जन्मभर मठ्ठ, घट्ट, ढिम्म म्हणत आले, तो रियाज असा कामी आला.

लिंगं मात्र दोनच. नपुंसकलिंग नाही. आपलं मूल 'ते', घर 'ते', दुखणं 'ते'. तिकडे सगळ्यांनी एक बाजू धरायची. चमचा बाप्या, काटा बाई, आणि हात हा नुसता बाप्यासारखा दिसतो, पण आहे बाई. क्रियापदाच्या शेपटीवरून मी की तू ते कळतं, आपल्या 'जेवलास?'सारखं; पण आपण बोलतो-बोलते म्हणतो तसा तो आणि ती यांतला फरक तिथे नाही. 'पार्ला' म्हणजे बोलतो की बोलते? ज्याचं त्याने समजून घ्यायचं. संशयी बायकोसाठी ही भाषा अजिबात सोयीची नाही. हे खुशाल म्हणत, स्वयंपाक करायचा किंवा करायची, हसायचा किंवा हसायची, वरच्या मजल्यावर राहायचा किंवा राहायची. मी तळमळत बसे.

यांच्या बोलण्यात एक शब्द वरचेवर यायचा. बेलिन. वाक्याच्या सुरुवातीला बेलिन, मधे बेलिन, उशी नीट केली की बेलिन. मला वाटलं, आपल्या 'अरे देवा'सारखं काहीतरी असेल. एकदा लुचियाच्या घरी, तिच्या दोन विद्यार्थिनींसमोर, कॉफी सांडली तशी मीही ठसक्यात म्हटलं, बेलिन! लुचिया लाल. मग तिने मला आत नेऊन सांगितलं, की जेनोवाची माणसं हा शब्द मिठासारखा वापरतात, पण तो पुरुषाच्या एका अवयवाचा आहे. आणि वर म्हणाली, तुझा नवरा हमालासारखा बोलतो. मी म्हटलं, हमालांतच होता, राजवाड्यात नव्हता. मग तिने फ्लॉरेन्सचं पुराण लावलं. लॅटिन ही सगळ्यांची आजी, गावोगाव तिच्या नाती, एकीचं बोलणं दुसरीला कळत नव्हतं. त्यांतली फ्लॉरेन्सची नात लिहिण्यावाचण्यात पुढे गेली, देश एक झाला तशी तीच खरी इटालियन ठरली, आणि बाकीच्या गावंढळ. नेपल्सची लुचियासुद्धा लहानपणी शाळेत मार खाऊन ती शिकली होती. मला हसू आलं. आमच्या 'वायच'ला आणि 'गो'ला पुण्याच्या जावेने असंच नाक मुरडलं होतं. सासुरवास सगळीकडे सारखाच.

एकदा लुचियाला घरी आणलं. तिने यांच्याशी पाच मिनिटं बोलून बाहेर येऊन निकाल दिला, की जीभ बरी आहे पण उजवा हात मेलाय, म्हणजे अर्धी इटालियन गेलीच. बोटं जुळवून वर-खाली हलवली नाहीत तर वाक्याला अर्थ नाही. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, माणूस गोड आहे हो तुझा.

गोड! ते ऐकून मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

पण खोटं कशाला बोलू? गोड होतेच. सकाळी थेरपिस्टने दिलेली चित्रं समोर धरून मी मराठी घोटून घ्यायची. हे काय? घर. म्हणा, घर. हा काय? मासा. म्हणा, मासा. हे डोळे मिटायचे, ओठ आवळायचे, एकदा तर छत्रीचं चित्र डाव्या हाताने भिरकावून दिलं. मग जेवण, मग झोप. आणि दुपारी पडदे ओढलेल्या खोलीत, काचेबाहेर सगळं जग पांढरं झालेलं असताना, मी बशीत अर्धकच्चे पिवळे खजूर घेऊन जायची आणि म्हणायची, 'बुओन जोर्नो, सिन्योर.' आणि तोच माणूस उशीवर सावरून बसायचा, केसांवरून हात फिरवायचा. मला 'लेई' म्हणायचा, म्हणजे आदराने. खजुरातली बी काढून दिली की ग्रात्सिए, पंखा हलवला की ग्रात्सिए. मी चुकीचं बोलले तर हसायचा, आणि मग तोच शब्द हळूच बरोबर करून माझ्या हातात ठेवायचा.

त्या दुपारींत मला जेनोवा दिसली. चढाच्या अरुंद गल्ल्या, समोरासमोरच्या खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे, बंदरातली तेलाची घाण, थंडीत तडकलेली बोटं. रविवारी काय करायचे विचारलं तर म्हणाले, समुद्राशी एका बाकावर बसायचो. कोणाबरोबर? एकटाच. जेवायला? सूप, एकटाच. वरच्या मजल्यावर राहणारं ते कोण, बाप्या की बाई, तेही एकदाचं विचारून घेतलं. म्हातारा होता, बहिरा. मी सगळी क्रियापदं लावून बघितली, भूतकाळाचे सगळे प्रकार लावून बघितले, पण बाई काही सापडेना. सिन्योरा म्हणजे कोण? खोलीत जी कोणी बाई येईल ती. नर्स सिन्योरा, लुचिया सिन्योरा, हमीदाभाभी सिन्योरा. आणि सगळ्यांत जास्त वेळा मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. खरं सांगते, माझी निराशाच झाली. एखादी असती तर बरं झालं असतं, भांडायला कोणीतरी मिळालं असतं.

इकडे अभय माझ्यावर चिडलेला. त्याचं म्हणणं साधं होतं, आणि बरोबरही होतं. एका संध्याकाळी बँकेतून आला तो बूटही न काढता म्हणाला, "आई, तू इटालियन बंद कर. थेरपिस्ट म्हणाली ना, जी लँग्वेज बोलाल तीच राहील. बाबांनी मला अजून एकदाही नावाने हाक मारलेली नाही." लहानपणी या पोराला आम्ही मराठीत विचारायचं आणि त्याने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असं चालायचं. आता त्याला बापाची मराठी हवी होती. बोलताना त्याची हनुवटी थरथरली आणि तो आत निघून गेला.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मराठी आणावी तर तो जुना 'हं'वाला परत येणार. इटालियन ठेवावी तर हा अदबीने बोलणारा, केस सारखे करणारा माणूस माझ्याजवळ राहणार, पण त्याला मुलगा ओळखता येणार नाही, गाव आठवणार नाही, आणि मी कोण तेही कधी कळणार नाही. सकाळी मी बायको, दुपारी बाई. आणि दुपारच्या बाईला जे मिळत होतं ते बघून सकाळच्या बायकोचा जळफळाट व्हायचा. माझी मीच सवत झाले होते.

मग एका दुपारी त्यांनीच विषय काढला. खजूर चघळत म्हणाले, घरी बायको आहे माझी, लांब, हिंदुस्थानात. माझे हात थांबले. मी वाक्य जुळवलं आणि विचारलं, कशी आहे?

"ब्रावा," हे म्हणाले. "ब्राविस्सिमा." चांगली, फार हुशार. आणि थोडं थांबून, "मा मी फा पाऊरा." पण मला तिची भीती वाटते.

का, म्हणून विचारलं. त्यावर ते जे बोलले ते मी पुन्हा पुन्हा विचारून, एकेक शब्द सुटा करून समजून घेतलं. म्हणाले, माझं वाक्य संपायच्या आधी तिला त्याचा शेवट ठाऊक असतो. म्हणून मी सुरूच करत नाही. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, तुम्ही बऱ्या आहात, सिन्योरा. तुम्हाला शब्द शोधावे लागतात. तुम्ही थांबता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षानुवर्षं मी एकटीने दोघांचं बोलले, वाण्याशी, शाळेशी, सासूशी, घरमालकाशी, आणि हा माणूस परक्या बाईपुढे, परक्या भाषेत माझी कागाळी करतो? आणि ती परकी बाई मी! मी मराठीत म्हटलं, "मग कोणी सांगितलं होतं मला पदरात घ्यायला?" मराठी कानावर पडल्याबरोबर यांची आठी चढली. हात मागे गेला. तोंड भिंतीकडे झालं.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी गेलेच नाही. लोकांना मी सांगते, अभयसाठी सोडलं. तेही खरंच आहे; पोराची हनुवटी डोळ्यांपुढून हलत नव्हती. पण नुसतं तेवढंच नव्हतं. मला तो माणूस मराठीत परत हवा होता, समोरासमोर, भांडता येईल असा. आणि त्या बाईला मला घालवायचं होतं. दोन्ही वेळा चित्रं घेऊन बसायला लागले. घर म्हणा. मासा म्हणा. अभय म्हणा. हे दुपारी दाराकडे बघत राहायचे. केस सारखे करून, उशीवर सावरून. आठ-दहा दिवस तरी बघत असतील. मी समोरच बसलेली असायची, छत्रीचं चित्र धरून. म्हणा, छत्री. दया मला आली नाही असं नाही, पण मी ती गिळली.

लुचियाचा फोन आला, क्लासला का येत नाहीस. काम झालं, खलास, मी म्हटलं. हे दुपारी दाराकडे बघत बसतात, तेही तिने माझ्याकडून काढून घेतलं. मग म्हणाली, माणसाच्या काळजावर सुरी चालवून वर काम झालं म्हणणारी तू खाटीक आहेस. फोन तिनेच ठेवला.

हवा पालटली, काचा कोरड्या झाल्या, तेव्हा मराठी परत आली. ताटात सुरमईचं कालवण होतं. हे एक घास खाऊन म्हणाले, "मीठ कमी आहे."

अभय रडला. मीही रडले. हमीदाभाभींनी अल्हमदुलिल्लाह म्हणून खिरीचं पातेलं पाठवलं, आणि मी दूध पावडरचे पेढे करून सगळ्या इमारतीत वाटले. महिन्याभरात अभयचं नाव आलं, माझं 'अगं' आलं, गावच्या भाऊबंदांची नावं आली. आणि जसजशी एकेक मराठी वस्तू घरात येत गेली तसतशी ती दुसरी भाषा आपलं सामान उचलत गेली. एका दुपारी माझ्याने राहवलं नाही. पडदे ओढले, बशी घेतली, आणि हळूच विचारलं, कसे आहात, 'कोमे स्ता, सिन्योर?' यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "काय बरळतेस?"

जित्याची खोड. आता 'हं' आहे, 'चहा' आहे, 'बघू' आहे. मराठी बातम्या लावून बसतात आणि बातमीवरही काही बोलत नाहीत. मला मात्र ती भाषा उरली आहे, कोणाशीही न बोलता येणारी. कणीक मळताना मी क्रियापदं चालवते. दुकानात पास्त्याच्या पाकिटावरची नावं जोडाक्षरं लांबवून वाचते, आणि शेजारची फिलिपिनो पोरगी माझ्याकडे वळून बघते. शब्द सगळे उघड्या तोंडाचे, आणि ऐकणारं कोणी नाही.

यंदा ऑगस्ट लागला आणि काचा पुन्हा पांढऱ्या झाल्या. परवा दुपारी मी यांच्या खोलीत चहा ठेवायला गेले. टीव्ही बंद होता. हे खिडकीकडे बघत बसले होते, डाव्या हाताने केस सारखे करत. मी कप ठेवून वळले तशी मागून म्हणाले, "अगं, ती बाई येत नाही आता?"

कोण बाई, मी विचारलं. आवाज सरळ ठेवला.

"दुपारची यायची ती. खजूर घेऊन. आपल्यातली नव्हती."

मी काचेकडे बघितलं. बाहेरचं काही दिसत नव्हतं.

"गेली," मी म्हटलं. "व्हिसा संपला तिचा."

 यांनी कप उचलला, एक घोट घेतला.

"बरी होती," म्हणाले.

लग्न झाल्यापासून माझ्याबद्दल इतकं चांगलं यांनी मराठीत पहिल्यांदाच म्हटलं.